निकालाचे माप आणि घाटमाथ्यावरची शाळा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा गडहिंग्लज संस्थानात होते, तर त्याला लागून असलेला चंदगडचा मुलूख मुख्यतः ब्रिटिश अमलातील बेळगाव जिल्ह्यात मोडत असल्याने तेथील मुलांना या कायद्याचा स्पर्श झाला नाही. मुंबई इलाख्यात पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने सक्तीचा कायदा झाला खरा, पण तो नगरपालिकांपुरता होता आणि खेड्यांना १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

सरकारी सुधारणांकडे शिक्षकाने साशंकतेने पाहण्याची रीत याहूनही जुनी आहे. स्वतः शाळा चालवलेल्या जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात निकालानुसार अनुदानाची, म्हणजे परीक्षेतील यशावर शाळेला पैसे देण्याची, पद्धत शिक्षणाची गोडीच अद्याप न लागलेल्या गरिबांच्या शाळांना मानवणारी नाही, असा आक्षेप होता. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, प्रसंगी नांगर धरू शकणारे असावेत, अशी त्यांची मागणी होती. वरून ठरवलेले माप खालच्या परिस्थितीला लागू पडते का, हाच त्या आक्षेपाचा गाभा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तेथील शाळांचा कारभार कोल्हापूरच्या परिषदेकडे आला. पारगड व तिलारीच्या बाजूचा धुवाधार पाऊस, ओढ्यांनी तुटणाऱ्या वाटा आणि विखुरलेले धनगरवाडे मात्र तसेच राहिले. १९८७ पासूनची खडू-फळा मोहीम, जिने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या व दोन शिक्षक देण्याचे ठरवले, ही साशंक शिक्षकालाही पटण्याजोगी, कारण एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळण्याची अडचण तिने निदान ओळखली होती.

पुढे मापाचेच महत्त्व वाढले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात शाळा ‘प्रगत’ ठरवण्यासाठी चाचण्यांचे गुण मोजले जाऊ लागले. १८८२ च्या वादातील निकाल येथे अनुदानाऐवजी प्रतिष्ठेशी जोडला गेला, एवढाच फरक. कोकणी व कन्नडच्या सान्निध्यात वाढलेली चंदगडी बोली घरी बोलणारे मूल पहिलीत प्रमाण मराठीला सामोरे जाते, तेव्हा त्याला लागणारा वेळ अशा गुणपत्रकात उमटत नाही. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने अशैक्षणिक कामांना मनाई केली असली, तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका या अपवादांतून शिक्षक वर्गाबाहेर जातोच, आणि दोनशिक्षकी शाळेत त्याचा अर्थ निम्मी शाळा थांबणे असा होतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले, त्यासाठी पानशेत व तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली. चंदगडच्या पश्चिम पट्ट्यासारख्या भागात वाडीचा पट लहान असणे हे शाळेच्या अपयशाचे नव्हे, वस्तीच्या रचनेचे फळ असते. तेथे शाळा दूर नेण्याआधी जून ते सप्टेंबर या महिन्यांत सहा वर्षांच्या मुलाने कोणता ओढा कसा ओलांडायचा, याचे उत्तर प्रस्तावात असावे लागते.