फड

बारामतीत जन्मलेल्या माणसाच्या डोक्यावर लहानपणापासून दोन ओझी असतात. एक मोरोपंतांचं आणि दुसरं उसाचं. (तिसरंही एक आहे असं बाहेरगावचे लोक हसत हसत सुचवतात, पण राजकारणात मी पडत नाही.) ऊस निदान खाता येतो. मोरोपंत पाठ करावे लागतात. पंत मूळचे पन्हाळ्याचे, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला बारामतीला आले आणि १७९४ साली इथेच वारले. मधल्या काळात त्यांनी एकशेआठ रामायणं रचली. आमच्या वाट्याला त्यांतली थोडीच आली, हे नशीबच म्हणायचं. कारण आमचे अण्णा शाळेत मराठी शिकवायचे आणि उरलेलं घरी शिकवायचे.

अण्णांनी रेडिओ घेतला तो बातम्यांसाठी. म्हणजे घेताना तसं आईला सांगितलं. माळ्यावर एरियलची जाळी बांधली, पोस्टातून परवाना काढला आणि तो लाकडी डबा भिंतीतल्या फळीवर, देवांच्या शेजारी विराजमान झाला. त्यावर आईनं विणलेलं झाकण आलं. रेडिओला हात लावायचा अधिकार फक्त अण्णांचा. आम्ही कान लावायचा.

आणि कान कशाला लावायचा हेही ठरलेलं. बातम्या, कीर्तन, नाट्यसंगीत, भावगीतं आणि गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली. तेव्हा आमच्याकडे रेडिओ नव्हता. अण्णा एका डॉक्टरांच्या ओसरीवर जाऊन ती ऐकायचे. चप्पल बाहेर काढून ऐकायचे, असं आई सांगे. ग. दि. माडगूळकर हे नाव ते मोरोपंतांच्या लगेच नंतर घेत, आणि दोन्ही नावं घेताना नकळत आवाज खाली आणत.

पण त्याच डब्यातून दुसरीही गाणी यायची. 'आपली आवड' लागलं, की भक्तिगीत, भावगीत अशा पायऱ्या उतरत उतरत निवेदिका मधेच एक लावणी लावून मोकळी व्हायची. ढोलकीचा पहिला ठेका पडला, की अण्णांचा हात खटक्याकडे गेलाच. इतक्या चपळाईनं ते शाळेत छडीसुद्धा उचलत नसत. त्यामुळे मराठीतल्या कितीतरी नामांकित लावण्यांची पहिली चार सेकंदं माझी तोंडपाठ आहेत. पुढचं सगळं मी गावातल्या हॉटेलांसमोरून रेंगाळत जाताना जमवलं.

अण्णांना या बाबतीत दिल्लीचाही आधार होता. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे. त्यांनी शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार करून टाकलं. देशानं काय केलं? सुया फिरवल्या आणि सगळा देश सिलोनला जाऊन बसला. बिनाका गीतमाला फुगली ती तिथेच. शेवटी १९५७ साली सरकारनं विविधभारती काढून गाण्यांना परत घरात घेतलं. केसकरांना पाच वर्षांत जे उमगलं ते उमगायला अण्णांना अंमळ जास्त वेळ लागला, इतकंच.

आता आत्याकडे यायला हवं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. इंदापूर तालुक्यात भीमेकाठच्या एका गावात तिला दिलेलं. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पुढची पंधरा वर्षं सासरी भाकऱ्या थापण्यात गेली आणि मग ती आमच्याकडे आली ती कायमची. अण्णा सगळ्या बारामतीचे 'सर'. आत्याचा मात्र 'बाळू'. तिनं कधी काही मागितलं नाही. लुगडं नाही, तीर्थयात्रा नाही, औषधसुद्धा नाही. तिला मागण्याची सवयच नव्हती.

१९६६ च्या सुमाराची गोष्ट. मी पाचवीत. एका दुपारी अण्णा शाळेत, आई शेजारी गेलेली, आणि आत्यानं मला माजघरात बोलावलं. तिच्या हातात कोरं पोस्टकार्ड होतं.

"तुझं अक्षर बरं हाय. ल्ही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"त्या रेडिओवाल्या बाईला ल्ही. ते उसाचं गाणं लाव म्हणावं. पुरं."

'उसाचं गाणं' म्हणजे 'फड सांभाळ'. १९६५ च्या 'मल्हारी मार्तंड' या सिनेमातली लावणी. संगीत वसंत पवारांचं, आवाज सुलोचना चव्हाणांचा. आमच्या भागात त्या लावणीनं जो धुमाकूळ घातला तो काही औरच. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला आला आणि पुढे त्याच्या पाण्यावर उसानं गावंच्या गावं व्यापली. इकडे माळेगाव, तिकडे भवानीनगर, त्याच्या पलीकडे वालचंदनगर, जिकडे बघावं तिकडे चिमणी. अशा मुलखात बाई उसाच्या राखणीची गोष्ट सांगायला लागली, तर लोक मान डोलावणार नाहीत तर काय? शिवाय गंमत अशी, की फड उसाचाही असतो आणि तमाशाचाही. तुरा उसाला येतो, पागोट्याला लागतो, आणि कलगीवाल्या शाहिरांशी रात्र रात्र भांडतो तोही तुराच. एकेका शब्दात इतकी माणसं दाटीवाटीनं बसवणारा कवी कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडायचं कारणच नव्हतं. आम्हाला चारच सेकंद ठाऊक.

मी पत्र लिहिलं. खाली नाव कुणाचं घालायचं?

"घरच्या कर्त्या माणसाचं घालावं," आत्या म्हणाली. रीतीला ती पक्की होती.

पुढचे तीन आठवडे माझ्या पोटात गोळा होता. मग नेमका रविवार, अण्णांकडे शाळेतले दोन शिक्षक चहाला बसलेले, आणि निवेदिकेनं अतिशय गोड आवाजात फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायला घेतली. सोलापूरहून कुणी, दादरहून कुणी, आणि बारामतीहून... अण्णांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वर 'आणि परिवार'. दोघे पाहुणे कपात बघायला लागले. ढोलकी वाजली. अण्णांचा हात खटक्यावर गेला, आणि त्याच वेळी बाई पुढे म्हणाली, की गीतकार ग. दि. माडगूळकर.

हात तिथेच राहिला.

गाणं सगळं झालं. आत्या माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण सुपातला हात थांबला होता. गाणं संपल्यावर अण्णांनी खटका बंद केला, घसा खाकरला आणि पाहुण्यांना म्हणाले, "तुरा आल्यावर उसाची वाढ खुंटते. वेळेवर तोडला नाही तर साखरही उतरते. माडगूळकरांचं निरीक्षण मात्र चोख आहे."

पुढे दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मला वाटतं, ते मनातल्या मनात गीतरामायणाची प्रत परत तपासत असावेत.

मोठेपणी मी या गाण्यांच्या मागची माणसं कोण, याचा शोध घेत गेलो, आणि अण्णांची कीव येत गेली. माडगूळकर जन्मले शेटफळ्याला, माणदेशात. जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथल्या माणसानं आमच्या उसावर गाणं करावं! 'रंगल्या रात्री अशा' या १९६२ सालच्या सिनेमातली कोल्हापूरची लावणी घ्या. ती जगदीश खेबुडकरांची. आणि खेबुडकर पेशानं कोण? शाळामास्तर! पुढे १९७२ साली 'पिंजरा' आला. तमाशातल्या बाईपायी एका आदर्श शिक्षकाची धूळधाण कशी होते, याची ती कथा. गाणी या शाळामास्तरांचीच. अण्णांनी 'पिंजरा' पाहिला नाही. बरं झालं.

आणि सुलोचनाबाई? आवाज ऐकून अण्णांच्या पिढीनं मनाशी जे चित्र काढलं होतं, त्याचा प्रत्यक्षाशी काडीचा संबंध नव्हता. बाई गिरगावातल्या. १९३३ चा जन्म, माहेरच्या कदम. लहानपणी घरच्या मेळ्यात गायच्या, पुढे हिंदी सिनेमात पार्श्वगायन. गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या हेच गुरू. आणि माहेरी लावणी गुणगुणली की आईची बोलणी बसायची, असं त्याच सांगत. 'हीच माझी लक्ष्मी' या सिनेमात हंसा वाडकरांसाठी त्यांनी पहिली लावणी गायली. लावणीत शब्द कुठे दाबायचा, कुठे फेकायचा, हे शिकवलं नवऱ्यानं, दिग्दर्शक एस. चव्हाणांनी. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं. ही सम्राज्ञी कार्यक्रमात उभी राही ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, जागच्या जागी. हळदीकुंकवाला आलेली शेजारीणच जणू. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. तमाशाच्या फडाशी घराण्याचं नातं कधी नव्हतंच.

राहता राहिले मोरोपंत. ते तरी या भानगडीतून सुटावेत ना? पण सोलापूरचा राम जोशी, लावण्या रचणारा, तमाशात रमला म्हणून ज्याच्या नावानं घरच्यांनी हात झटकले तो, बारामतीला पंतांकडे येऊन गेला, अशी जुनी आख्यायिका आहे. पंतांनी त्याची कवनं ऐकली, वाहवा केली आणि कीर्तनाकडे वळ म्हणून सांगितलं. ध्यानात घ्या, आधी ऐकली. खटका बंद केला नाही.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पंतांकडे रेडिओ नव्हता." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पण एका गोष्टीचं उत्तर मला त्याच वर्षी मिळालं होतं. चैत्रात आत्याच्या सासरची जत्रा असायची. मला तिच्या पुतण्यांबरोबर धाडलं. रात्री पोरांनी मला कनातीखालून तमाशात सरकवलं. गण झाला, गौळण झाली, सोंगाड्यानं हसवून घेतलं, आणि मग पब्लिकमधून आरोळी उठली, उसाचं म्हणा! रेडिओतलं म्हणा! फडातली मुख्य बाई चाळिशीची असेल. तिनं हात वर करून ढोलकी थांबवली.

"पाटील," ती म्हणाली, "रेडिओतल्या बाईला रेडिओ पैसं देतो. मला कोण देणार?"

हशा पिकला, नाणी पडली, आणि तिनं ते गाणं म्हटलं. तेव्हा हसलो. आज त्यातली मेख दिसते. लावणी तिच्या आई-आजीच्या गळ्यातून निघाली, मुंबई-कोल्हापूरच्या स्टुडिओत जाऊन नीटनेटकी झाली, रेडिओवरून घरोघर पोचली, आणि आता तिलाच तिची नक्कल करायला सांगत होते. घरंदाज शिक्का गाण्याला मिळाला, फडातल्या बाईला नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला खेर सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हाही चुली विझल्या त्या फडातल्याच. आमच्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई. पोटात कळा सुरू झाल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींचं पदक मिळालं. २००२ साली गेल्या, त्याआधीचे दिवस हलाखीत काढून.

जत्रेचा तो माळ आता उजनीच्या पाण्याखाली आहे. फडातल्या त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.

परत आलो त्या रात्री आत्यानं मला हळूच अंथरुणाशी बोलावलं. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की पंधरा वर्षं दर चैत्रात ती सासरच्या परसात, गोठ्याच्या भिंतीला कान लावून बसायची. बायकांनी तमाशाला जायचं नसतं. वाऱ्याची दिशा असेल तर ढोलकी यायची, शब्द नाही. शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकले ते रेडिओवर, आणि तेही अण्णांच्या हाताला सापडले नाहीत तेवढेच.

"उसाचं म्हटलं का रं तिनं?"

"म्हटलं."

"कसं म्हटलं?"

"रेडिओसारखं नाही म्हटलं."

आत्यानं थोडा वेळ विचार केला.

"मग बरं म्हटलं असंल," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.