जागरणाचा जमाखर्च : खानदेशातील गृहशुश्रूषेचा पूर्वेतिहास

तापीखोऱ्याच्या रेल्वेने सुरतेहून भुसावळकडे निघालेल्या प्रवाशास नंदुरबार मागे पडल्यावर दोंडाईचे लागते. अमरावती नदीच्या काठी वसलेले, जुन्या काळी रावळांच्या जहागिरीचे ठिकाण म्हणून आणि पुढे मिरची-भुईमुगाची पेठ म्हणून नावारूपास आलेले हे गाव मुळातच हिशेबाचे आहे. हंगामात लाल मिरचीच्या ढिगांनी बाजार भरून जावा आणि तिच्या खकाण्याने अवघ्या गावाला ठसका लागावा, तरी आडत्याच्या पेढीवर तोलाई, हमाली, आडत आणि धर्मादाय यांतील एकही रक्कम कीर्दीत चढल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच दक्ष व्यापाऱ्याच्या घरात, माजघरामागच्या खोलीत अर्धांगाने खाटेवर पडलेल्या वृद्धाच्या उशापायथ्याशी वर्षानुवर्षे जागणाऱ्या सुनेच्या श्रमाला खतावणीत कधी एक पानही मिळालेले नाही. पूर्वी घरची शुश्रूषा फुकट होत असे आणि आता ती महाग झाली, असे जे सर्रास बोलले जाते, ते खरे नव्हे. तिचा खर्च पूर्वीही होता. तो कोणी सोसला आणि कशाने फेडला, एवढाच इतिहासाचा प्रश्न आहे.

हा खर्च मुळात कशाचा, हे आधी नीट पाहिले पाहिजे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषधिद्रव्य आणि रोगी यांच्या जोडीस उपस्थाता, म्हणजे रुग्णाजवळ राहणारा परिचारक, याला बरोबरीचे स्थान दिले, आणि उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण त्याच्या ठायी अपेक्षिले. ही अपेक्षा किती कठोर आहे, हे अंथरूण धरलेल्या माणसाची कूस बदलणाऱ्यासच कळते. दर दोन तासांनी, म्हणजे अहोरात्रात बारा वेळा, ती बदलावी लागते. आणि बदलताना चादरीची एक सुरकुतीही पाठीखाली राहू देऊन चालत नाही, कारण माकडहाडापाशी आज जो तांबूस डाग दिसतो तोच दुर्लक्ष झाल्यास फोड होतो, फोडाची जखम होते, आणि जखम हाडापर्यंत गेली म्हणजे मलमपट्टी, औषधे व इस्पितळ यांचा खर्च आधीच्या साऱ्या खर्चाला मागे टाकतो. आठवड्याचे तास १६८. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने कामगाराच्या आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर मुक्रर केली. त्याच मापाने मोजावयाचे तर एका परावलंबी रुग्णास अहोरात्र सांभाळण्याकरिता साडेतीन माणसे लागतात. ज्या घरात हे काम एकटी बाई करीत आली, त्या घरात अडीच माणसांचे वेतन तिच्या झोपेतून, तिच्या पाठीच्या कण्यातून आणि तिच्या आयुष्यातून वसूल होत आले.

पेशवाईच्या दप्तरांत वैद्यांना दिलेली इनामे व सालीना नेमणुका यांचे उल्लेख आढळतात. गावोगावच्या वैद्यासही सुगीचे धान्य, सणावाराचे वस्त्र अशा रूपाने मोबदला पोहोचत असे. म्हणजे चिकित्सेच्या चार पादांपैकी वैद्य आणि द्रव्य यांचा खर्च कागदावर आला. उपस्थात्याचा आला नाही. आला तो फक्त एका लज्जास्पद रूपाने. सरदार-सावकारांच्या वाड्यांत कुणबिणी असत, त्यांची खरेदी-विक्री होई आणि त्या व्यवहाराची रक्कम मात्र चोख लिहिली जाई. रुग्णाचे गू-मूत काढण्यापासून रात्र जागण्यापर्यंतचे काम अशा विकत घेतलेल्या स्त्रियांच्या वाट्याला येई. ज्या घरांची एवढी ऐपत नव्हती तेथे हे काम विधवा आत्या, विधवा भावजय, धाकटी सून यांच्याकडे गेले; शेतकऱ्याच्या मोठ्या खटल्यात सालदाराच्या बायकोनेही त्याला हात लावला आणि तो सालाच्या ठरावातच जमा धरला गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातील सासुरवाशीण माहेरी जाते, झोके बांधते, गाणी म्हणते. घरात दुखणाईत असला की तिची आखाजी हुके, आणि त्या हुकलेल्या आखाजीचा कोणी हिशेब धरीत नसे.

तथापि जुन्या व्यवस्थेत या खर्चाची तजवीज करणारी एक न्याय्य रूढीही होती, आणि तिचा विसर पडला हे मला फार मोठे नुकसान वाटते. मराठी मुलखात भावाभावांची वाटणी होताना म्हाताऱ्या आईबापांकरिता जमिनीचा एखादा तुकडा वेगळा काढून ठेवीत. त्याला जिवाईची जमीन म्हणतात. तिचे उत्पन्न आईबापांच्या निर्वाहास, दुखण्याखुपण्यास आणि शेवटी त्यांच्या उत्तरकार्यास लावावयाचे, आणि जो मुलगा त्यांना अखेरपर्यंत सांभाळील त्याने ती कसावयाची, असा सर्वसाधारण दंडक असे. जिवाई म्हणजे वाटणीच्या दिवशीच, सर्वांच्या समक्ष, पंचांच्या साक्षीने, पुढे येणाऱ्या शुश्रूषेच्या खर्चाला दिलेले तारण होते. तिच्यात एक उणीव राहिली. जमीन मुलाच्या हाती गेली आणि जागरण सुनेच्या.

वेतन घेऊन घरोघर शुश्रूषा करण्याची आधुनिक पद्धती आपल्याकडे बाहेरून आली. इंग्लंडात लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी मरणोन्मुख पत्नीसाठी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका नेमली होती. पत्नी वारल्यावर, जे समाधान पैशाच्या बळावर आपल्याला लाभले ते गोरगरिबांच्या घरांतही पोहोचावे या विचाराने त्यांनी १८५९ साली त्याच बाईस शहरातील दरिद्री रुग्णांच्या घरी पाठविण्यास प्रारंभ केला, आणि तिचे वेतन स्वतः दिले. घरातील शुश्रूषेचा खर्च घराबाहेरच्या कोणीतरी उचलावा, ही कल्पना तेथून रुजली. आपल्याकडे १८९६-९७ च्या प्लेगाने शुश्रूषेचे मोल फार क्रूरपणे शिकविले. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. या घटनेचे महत्त्व आपल्या सामाजिक इतिहासात पुरेसे ओळखले गेले नाही असे माझे मत आहे. जी बाई कालपर्यंत घराच्या कोपऱ्यात राहून, दोन वेळच्या अन्नावर, नातलगांची दुखणी काढीत होती, तीच बाई तेच काम शास्त्रशुद्ध रीतीने करू लागली आणि महिनाअखेर तिच्या हातात पगार पडला. लोकांनी नावे ठेवली, विटाळाचा प्रश्न काढला. रमाबाईंनी तो विरोध शांतपणे सोसला.

खानदेशात मात्र हा प्रवाह फार क्षीण होऊन पोहोचला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या, १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक होती. तापीकाठच्या तापकरी मुलखाच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वाट्याला अशी किती माणसे येणार! शिकलेली परिचारिका इस्पितळालाच पुरत नव्हती, मग ती दोंडाईच्याच्या एखाद्या घरी कोठून यावी? घर जुन्याच हातांवर चालले. आणि ज्या सुमारास ते हात अधिक लागावेत त्याच सुमारास ते कमी होऊ लागले. १९०० च्या आगेमागे सुरू झालेल्या ज्या लोहमार्गाने येथली मिरची बाहेर नेली, त्याच मार्गाने पुढे येथली तरुण माणसेही सुरतेच्या कापडधंद्यात नेली. आज तेथील उधना आणि लिंबायत भागांत अहिराणी बोलणारी कितीतरी घरे आहेत. मुलगा-सून सुरतेला किंवा पुण्याला, आणि म्हातारी माणसे दोंडाईच्यास, अशी घरे गल्लोगल्ली दिसतात. वाटणी झालेली असते, शेत बटाईने दिलेले असते किंवा विकलेले असते, आणि जिवाई काढून ठेवण्याचे कोणास सुचलेले नसते.

अशा घरात दुखणे आले म्हणजे लोक एकदम पूर्ण वेळच्या माणसाचा दर विचारतात आणि हबकतात. वास्तविक कामाची आधी विभागणी केली पाहिजे. मूत्रनलिका बदलणे, नाकातल्या नळीची काळजी, इंजेक्शन, खोल जखमेची पट्टी ही शिक्षित परिचारिकेची कामे होत. ती दिवसातून एखादा तास, काही तर आठवड्यातून एकदाच लागतात, आणि त्यासाठी तिला भेटीमागे पैसे देणे परवडते. अंघोळ, कूस बदलणे, भरवणे, सोबत ही कामे गावातली विश्वासू मावशी चार दिवस परिचारिकेच्या हाताखाली शिकून उत्तम करू शकते. वरखाली होणारी खाट, हवेची गादी, प्राणवायूचे यंत्र ही भाड्याने मिळतात. विकत घेण्याची घाई करू नये. विम्याचा आधार मर्यादित आहे. घरी घेतलेला उपचार विमा कंपन्या ठरावीक अटींवरच मान्य करतात, आणि नुसत्या सोबतीच्या माणसाचे वेतन बहुधा त्यात बसत नाही. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा रोखही इस्पितळातील उपचारांकडेच आहे. साठीपुढील आईवडिलांचा विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर रोखीने न केलेला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करपद्धतीत वजावटीस पात्र ठरतो, म्हणून पावत्या जपाव्यात. पण हे सारे मिळूनही साडेतीन माणसांच्या हिशेबातला थोडाच भाग भरून निघतो.

उरलेला भाग कुटुंबानेच भरावयाचा आहे, आणि त्याला मला जिवाईखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही. कायदाही आता तिच्या बाजूचा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरणे आली. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविण्याचा त्यांना अधिकार आहे, जो पूर्ण वेळच्या शुश्रूषेस अगदीच अपुरा आहे. पण त्याच कायद्यातील दुसरी तरतूद अधिक मोलाची आहे. वृद्धाने सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. अट मात्र कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. म्हणून ज्या घरांत अजून वाटणी व्हावयाची आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना माझी कळकळीची विनंती आहे की वाटणीपत्र नोंदविण्यापूर्वी आईबापांच्या शुश्रूषेसाठी शेत, दुकानाचे भाडे किंवा बँकेतील ठेव यांपैकी काहीतरी वेगळे काढावे, दूर राहणाऱ्या भावाबहिणींनी दरमहा किती द्यावयाचे ते त्यात लिहावे, आणि जी सून प्रत्यक्ष जागणार आहे तिचा मोबदला तिच्या स्वतःच्या नावावर, रकमेसह आणि वर्षातून माहेरी जाण्याच्या तिच्या सुट्टीसह, त्याच कागदात नमूद करावा.