कोलनवॉटर आणि कानातला फाया

औरंगाबादजवळच्या बजाजनगरात सेंटविषयी एकच तक्रार ऐकू येते: टिकत नाही. मोरे चौकातल्या जनरल स्टोअर्समधली बाटली असो की जुन्या शहरातून आणलेली, सकाळी अंगावर मारलेला फवारा कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करेपर्यंत संपलेला असतो. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी केलं, आणि त्याच्या आसऱ्याने ही वस्ती वाढली. इथला दिवस शिफ्टवर चालतो. मराठवाड्याचा उन्हाळा, मशीनवरच्या कूलंटचा वास, बसमधली गर्दी आणि आठ तासांचा घाम, एवढ्यांशी त्या फवाऱ्याला झुंजायचं असतं. तो हरतो यात नवल नाही. पण दोष बाटलीच्या कंपनीला देण्याआधी तिच्या कुळाची चौकशी करावी, कारण कोलन हा प्रकार जन्मालाच आला तो उडून जाण्यासाठी.

जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये फारिना कुटुंबाची पेढी सुरू झाली. जोहान मारिया फारिना हा मूळचा इटलीचा. बर्गामोट, लिंबू, संत्रं यांच्या सालींची तेलं आणि थोडी फुलापानांची सुवासिक द्रव्यं त्याने शुद्ध मद्यार्कात विरघळवली. त्या काळच्या युरोपातली अत्तरं कस्तुरी आणि जवादीच्या जड वासाची असत. त्यांच्यापुढे हे पाणी हलकं, थंड आणि ताजं वाटलं. ते औषध म्हणूनही खपायचं आणि लोक ते पोटात घ्यायचे. १८१० मध्ये नेपोलियनच्या राजवटीने गुप्त औषधांची कृती सरकारला कळवण्याची सक्ती केली, तेव्हा कृती उघड करण्यापेक्षा कोलनवाल्यांनी आपला माल औषध नसून सुगंध असल्याचं सांगणं पसंत केलं. व्यापारी शहाणपण म्हणतात ते हेच.

आपल्याकडे मात्र कोलन पुन्हा औषध होऊनच घरात शिरलं. ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या, हे शहरी मराठी घरातलं जुनं चित्र. कादंबऱ्यांतल्या कितीतरी नायिकांनी अशा घड्या बदलत रात्री जागवल्या आहेत. (आता डॉक्टर साध्या पाण्याची पट्टी पुरे म्हणतात, तेच ऐकावं.) घडी गार का लागते? मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो आणि साध्या हवेतही भराभर उडतो, उडताना कातडीची उष्णता ओढून नेतो. म्हणजे ज्या गुणासाठी आजीने बाटली कपाटात जपली, तोच गुण नातवाला दोष वाटतो.

हे पाणी एकदा थेट सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यार्क असलेलं जवळपास सगळं बंदीच्या जाळ्यात ओढलं होतं. एफ. एन. बलसारा यांनी दाद मागितली, आणि आपल्याला बाळगू व वापरू द्याव्यात अशा वस्तूंच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, बिअरच्या जोडीला त्यांनी कोलनवॉटरही घातलं. २५ मे १९५१ ला निकाल लागला. व्हिस्कीवरची बंदी राहिली. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची मात्र अवैध ठरली. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे इथल्या घड्या त्या कायद्याच्या कचाट्यात सापडल्याच नाहीत. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये.

आता दुसरं कूळ. ते कितीतरी जुनं आहे, आणि त्याचा सगळा जीव सुगंध धरून ठेवण्यात आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अध्यायच लिहिला. सोळा द्रव्यांच्या वेगवेगळ्या मेळातून १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब त्यात मांडला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात राजाने कोणत्या ऋतूत कोणती उटी लावावी हे सांगितलं. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या वेशीवरचं. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ पासून हस्तलिखितांची राखण करणारे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्याबरोबरचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले. गंधवादावर चक्क मराठी टीका आहे. सुगंधाचं शास्त्र काही शतकांपूर्वी मराठीत समजावून सांगितलं जात होतं, आणि आज आपण तेच रीळ बघून शिकतो.

गंधसारात सहा क्रिया येतात: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. चूर्णाला सुगंधी द्रवात भिजवत राहायचं, शिजवायचं, मंद पडलेला गंध पुन्हा जागा करायचा, धुरी द्यायची, फुलांच्या सहवासात ठेवायचं. फवारा मारून मोकळं व्हायची घाई यात कुठेच नाही. वासनाचा एक प्रकार परवापरवापर्यंत चालू होता. तीळ आणि मोगरा यांचे थरावर थर लावायचे, फुलं बदलत राहायची, तिळांनी वास पुरेसा प्याला की घाण्यातून तेल काढायचं. फुलेल ते हेच. स्वयंपाकघरात कांद्याजवळ ठेवलेलं लोणी ज्याने चाखलंय, त्याला तेल-तूप वास कसा धरतं हे सांगायला नको.

कनोजच्या अत्तराची युक्ती याच गुणावर उभी आहे. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपायचं आणि खाली मंद जाळ ठेवायचा. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपका नावाच्या भांड्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. पाणी खाली बसतं ते काढून घेतात, पुन्हा नवी फुलं घालतात. असं दिवसेंदिवस चालतं. गुलाब, मोगरा, केवडा यांचा चंचल वास चंदन धरून ठेवतं. कोलनात सुगंधी अंश शंभरात दोन ते पाच, बाकी बहुतेक मद्यार्क आणि पाणी. जातिवंत अत्तरात मद्यार्काचा थेंबही नसतो. म्हणूनच नमाजाला जाताना लावायला त्याची अडचण येत नाही, आणि औरंगाबादेत अत्तरवाल्यांची परंपरा टिकली त्याचं हे एक कारण. आता चंदन महागलं आणि बहुतेक स्वस्त कुप्यांमध्ये त्याची जागा पॅराफिन किंवा थॅलेट यांसारख्या बिनवासाच्या द्रवांनी घेतली. त्यातही वास टिकतो, पण चंदनाचा स्वतःचा हळूहळू वर येणारा गंध त्यात नाही. मला तरी ही अदलाबदल लबाडीची वाटते.

लावण्याची रीतही विचारपूर्वक ठरलेली होती. कापसाचा बारीक बोळा अत्तरात भिजवून कानाच्या वरच्या घडीत खोचायचा, तो फाया. कापूस अत्तर साठवतो, कातडीची ऊब ते थोडं थोडं सोडते, आणि घाम तिथपर्यंत सहसा पोचत नाही. हळदीकुंकवाला किंवा लग्नात अत्तर मनगटाच्या पाठीवर लावतात आणि गुलाबदाणीतून पाणी शिंपडतात. ही जोडी नीट पाहिली तर तिच्यात कामाची वाटणी दिसते. गुलाबपाणी दारातल्या क्षणभराच्या गारव्यासाठी, अत्तर पाहुणी घरी पोचेपर्यंत पुरण्यासाठी. बजाजनगरच्या तक्रारीचं मूळ इथे सापडतं: आपण गुलाबदाणीकडून अत्तरदाणीचं काम मागतो आहोत.

विसाव्या शतकात विल्यम पाउचर या इंग्रज गंधतज्ज्ञाने द्रव्यं किती रेंगाळतात ते हुंगून मोजलं आणि १ ते १०० अशी उतरंड लावली. लिंबूवर्गीय तेलं अगदी खालच्या आकड्यांवर, चंदन आणि वाळा शंभरावर. म्हणजे आपल्याकडे सहाणेवर जे उगाळतात आणि माठात जे टाकतात, त्यांना त्याने सर्वांत वरचा आकडा दिला.

मग कोलन टिकवायचं कसं? दोन्ही कुळांची सोयरीक लावायची. दिवाळीच्या अभ्यंगाचा क्रम आठवा: आधी तेल, मग उटणं, मग स्नान, शेवटी अत्तर. स्नानानंतरही तेलाचा पुसटसा थर कातडीवर उरतो आणि अत्तर त्याला चिकटून राहतं. कोरड्या कातडीवर सुगंध लवकर विरतो, म्हणून आंघोळीनंतर मानेवर, कोपराच्या खळगीत खोबरेल किंवा व्हॅसलिनचं बोट फिरवावं आणि त्यावर फवारा मारावा. फवाऱ्याखाली चंदनाचं किंवा वाळ्याचं एक टिपूस अत्तर लावलं तर आणखी उत्तम. वरचं लिंबू उडालं तरी खालचं राहतं. मनगटावर मनगट घासू नये. घासल्याने रेणू मोडतात असं सांगतात, ते खोटं आहे. घासण्याची ऊब वरचा ताजा वास लवकर पळवते, इतकंच. कापड वास कातडीपेक्षा जास्त वेळ धरतं, म्हणून बनियनच्या आतल्या बाजूला थोडं मारावं. पांढऱ्या शर्टावर डाग पडतो, हे आधी बघावं. पेटीतल्या लुगड्यात केवड्याचं पान ठेवण्यामागेही हीच जाण होती. उन्हात निघताना मानेवर लिंबाच्या जातीचा सेंट टाळलेला बरा. बर्गामोटच्या नैसर्गिक तेलातलं एक द्रव्य उन्हाशी मिळून कातडीवर तपकिरी ओघळ उठवतं.

सगळ्यांना हे लागू नाही. वाहनांच्या पेंट शॉपमध्ये सिलिकॉन असलेले डिओ, हेअर जेल, हाताचं क्रीम जगभर वर्ज्य मानतात, कारण त्याचा अंश पत्र्यावर पोचला की रंगात बारीक खळगे पडतात. तिथे कामाला जाणाऱ्याने बाटलीवरचे घटक वाचावेत, नाहीतर सुगंध शिफ्ट सुटल्यावर लावावा.

आणि टिकत नाही ही तक्रार निम्म्या वेळा खरीच नसते. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं आणि त्याची नोंद घेणं सोडून देतं. आपल्याला वाटतं सेंट गेला, म्हणून आपण पुन्हा मारतो, आणि बंद खिडक्यांच्या बसमध्ये बाकीचे तोंड फिरवून बसतात. वास उरला आहे की नाही, हे शेजारच्या सीटवरच्याला विचारावं.