इतर हक्क

शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागले, की थोड्याच अंतरावर भातसा नदी आडवी येते आणि सापगाव लागते. भाताची खाचरे, नदीकाठची झाडी, पाठीमागे माहुलीचे सुळके. मुंबईच्या माणसाला इथे उभे राहिल्यावर एकच विचार सुचतो : इथे आपले एक लहानसे घर असावे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्याने दीड खोलीत जन्म काढला, त्याला अंगणाची ओढ असणारच. ती ओढ ओळखूनच तर रस्त्याच्या कडेला फलक उभे राहतात : 'एनए प्लॉट', 'फार्महाऊससाठी जमीन', 'टायटल क्लिअर'.

युरोपातल्या माणसाला असेच वेड ग्रीसच्या बेटांचे आहे. निळा समुद्र, पांढऱ्या भिंती, आणि आपले घर. पण तिथेही नुसते पैसे घेऊन गेले म्हणजे घर होत नाही. वस्तीबाहेर घर बांधायचे, तर साधारणपणे चार हजार चौरस मीटर जमीन लागते. म्हणजे आपला जवळजवळ एक एकर, चाळीस गुंठे. सरहद्दीजवळच्या बेटांवर युरोपीय संघाबाहेरच्या परक्याला जमीन घ्यायची, तर १९९० च्या कायद्याने आधी परवानगी काढावी लागते. ग्रीस सरकारने २०१३ मध्ये अडीच लाख युरोंचे घर घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देऊ केला. मग घरांचे भाव असे वाढले, की २०२४ मध्ये ही रक्कम सँटोरिनी, मिकोनोस आणि इतर मोठ्या बेटांसाठी आठ लाखांवर न्यावी लागली. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला तिथली जमीनही विचारतेच : तू कोण? इथे आधी कोण होते? तू आल्यावर ते कुठे जातील?

आपल्याकडे हे प्रश्न एका कागदावर लिहिलेले असतात. त्या कागदाचे नाव सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, यांचा मिळून झालेला उतारा. साताच्या नमुन्यात जमीन कोणाची, किती, तिचा आकार किती, हे असते. बाराच्या नमुन्यात पीक काय, हे असते. घर घेणारा मालकाचे नाव वाचतो, क्षेत्र वाचतो, भाव ठरवतो. पण साताच्या नमुन्यात आणखी एक रकाना असतो : 'इतर अधिकार'. लोक त्याला 'इतर हक्क' म्हणतात. घाईत सुटतो तो नेमका हाच. माझे म्हणणे एवढेच आहे, की शहापूर-मुरबाडचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या एका रकान्यात येऊन बसला आहे.

हा कागद काही देवाने दिलेला नाही. पेशवाईत आणि तिच्या आधी आपल्या डोंगराळ भागात जमीन काटेकोर मोजत नसत. कुठे 'धेप' होती, म्हणजे खाचरांच्या तुकड्यावर अंदाजाने बसवलेला सारा. कुठे घरात नांगर किती, यावर सारा ठरे. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल पक्का झाला आणि काही वर्षांत साखळी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात जी मोजणीची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली. साखळी तेहतीस फुटांची. ती उभी टाकायची, आडवी टाकायची, की झाला एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला, नंबरासमोर नाव लिहिले गेले.

इथेच पहिली मेख होती. नाव कोणाचे लिहायचे? जो सारा भरील त्याचे. आणि सारा रोख भरायचा. ज्याच्याकडे भात, नागली, वरी होती पण रुपया नव्हता, तो सावकाराच्या ओट्यावर गेला. कर्ज फिटले नाही, की नंबरासमोरचे नाव बदलले. जमीन तिथेच राहिली, नांगर तोच राहिला, राबणारा तोच राहिला. फक्त तो आता मालक नव्हता, कूळ होता.

त्यातच आगगाडी आली. १८५५ मध्ये रूळ वासिंदपर्यंत पोहोचले, १८६० मध्ये आसनगावपर्यंत, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत. रानातले लाकूड आणि माळावरचे गवत मुंबईच्या बाजाराला जवळचे झाले. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाला कुंपण घातले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईला गेले. पुढे वैतरणा गेली, भातसा गेली. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण शहापूर तालुक्यात म्हण म्हणून कोणी वापरत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना वापरतात. बंगल्यासाठी बोअर मारणाऱ्याने त्याच पाण्यावर बाजूच्या पाड्याची विहीर चालते का, हे आधी बघावे.

कुळांचे दुःख फार दिवस मुके राहिले नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. डहाणू-उंबरगावकडचे वारली तिथे आले आणि परतल्यावर वेठबिगारीविरुद्ध त्यांचा लढा पेटला. गोदावरी परुळेकरांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्याआधी याच डोंगररांगेत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. गरिबाला पावसाळ्यात भातासाठी सावकाराकडे जावे लागू नये, एवढाच हेतू. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या रानात, इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आपण त्यांना स्वातंत्र्याचे वीर म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. पण एका मूठभर भातापायी जमीन कशी जाते, हेही त्यांनी ओळखले होते.

मग १९४८ चा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली, असे कायद्याने मानले. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आजही 'कूळकायदा कलम ४३ ला पात्र' असा शेरा दिसतो, तो याच घटनेचा. कुळाला मिळालेली ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय विकायची नाही, असा त्याचा अर्थ. २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षे उलटलेल्या जमिनींसाठी साऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून ही अट ओलांडण्याची वाट दिली. तीन पिढ्यांच्या लढ्याने मिळालेली जमीन साऱ्याच्या चाळीसपटीत बाजारात येते. विकणाऱ्याला अडचण असेल, त्याने विकू नये असे आपण सांगणारे कोण? पण घेणाऱ्याला तरी ठाऊक असावे, की तो काय घेत आहे.

याच कायद्याचे कलम ६३ सांगते, की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. त्याच्या एक वर्ष आधीचा, १९४७ चा तुकडेबंदी कायदा सांगतो, की जमिनीचे हवे तसे तुकडे पाडायचे नाहीत. लोकांनी वाट काढली. दहा-दहा जणांनी मिळून एक नंबर घेतला आणि आपापसांत स्टँप पेपरवर दोन-दोन गुंठे वाटून घेतले. घर उभे राहिले, पण उतारा निराळा झाला नाही. बाप गेल्यावर मुलांना कळले, की आपले घर आहे, पण घराला कागद नाही. २०२५ मध्ये सरकारने असे जुने व्यवहार नियमित करण्याची घोषणा केली, ती अशा लोकांसाठीच.

सर्वांत महत्त्वाचा शेरा पुढचाच. शहापूर तालुका संपूर्ण, आणि मुरबाडचा काही भाग, हे अनुसूचित क्षेत्र आहे. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांचा हा मुलूख. १९७४ मध्ये राज्याने कायदा केला, की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येणार नाही. जोडीला दुसरा कायदा आला : १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेल्या जमिनी आदिवासींना परत करायच्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८४ मध्ये न्यायालयाने हे कायदे उचलून धरले. म्हणून जुना फेरफार पाहिल्याशिवाय या भागात 'टायटल क्लिअर' हा शब्द कोणी उच्चारू नये.

मी कवितेचा माणूस. मला या कागदातले शब्द खुणावतात. जमीन, मालक, हक्क, वारस, कब्जा, दस्त, तहसील : हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत आले. घरातले इमारत आणि दिवाणखाना हेही तिकडचेच. पण ओटी, माजघर, चूल, अंगण, कूड, माती हे शब्द इथलेच. मालकीचे शब्द दरबारातून आले, राहण्याचे शब्द मातीतून आले. दोन्ही मिळूनच आपले घर होते. पण वाद आला, की कचेरीत पहिले शब्द चालतात, दुसरे चालत नाहीत. 'माझी चूल इथे तीस वर्षे आहे' या वाक्याला तिथे पुरावा मागतात.

बहिणीचेही तसेच. मुस्लिम घरात मुलीचा वाटा धर्मानेच सांगितलेला, मुलाच्या निम्मा. हिंदू घरात २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. धर्म दोन, पण शेवट एकच होताना दिसतो : जमीन विकायची ठरली, की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते आणि माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून ती सही करते. घेणाऱ्याला वाटते, सह्या पूर्ण झाल्या. खरे तर एका माणसाचे घर तिथेच कमी झाले.

आणि ज्याला सहीलाही बोलावत नाहीत, तो कातकरी. कधी काळी रानात खैराचा कात काढणारा हा समाज. रान बंद झाले आणि तो वीटभट्ट्यांवर गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर, पावसाळ्याच्या तोंडावर परत. कल्याण-भिवंडीकडच्या किती भिंतींच्या विटा या हातांनी थापल्या असतील! त्यांच्या स्वतःच्या झोपड्या मात्र बहुधा दुसऱ्याच्या मालकी जागेवर. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने कातकऱ्यांसारख्या अतिअसुरक्षित आदिवासींसाठी घरांची योजना आणली. पण घरकुल उभे करायला आधी जागा लागते, आणि जागेचा कागद नसला, की मंजुरी अडते.

गंमत अशी, की यावरचा उपायही त्या जुन्या कूळकायद्यातच आहे. कलम १६ सांगते, की मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने घर बांधले असेल, तर त्याला तिथून काढता येत नाही. कलम १७ सांगते, की मालक ती जागा विकायला निघाला, तर पहिला अधिकार तिथे राहणाऱ्याचा. आणि कलम १८ हे संरक्षण शेतमजूर आणि कारागिरांनाही देते. कायदा पंचाहत्तर वर्षांहून जुना. वाडीतल्या माणसाला तो कोणी वाचून दाखवला नाही, एवढेच.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुंबई आणखी जवळ आली. फलक वाढणार, घरे होणार. होवोत. घर बांधणे हे चांगलेच काम आहे. फक्त इसार देण्याआधी तलाठ्याकडून, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडून, किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून, जुने फेरफार मागून घ्या. १९५७ पूर्वीचे नाव बघा, १९७४ पूर्वीचे नाव बघा, बहिणींची नावे बघा. आणि मग कागद खिशात ठेवून त्या जमिनीवरून एकदा पायी फिरा. कोपऱ्यात कुठे कुडाच्या चार भिंती आणि धूर दिसला, तर तो उताऱ्यावर नसेलही. त्या माणसाला नावाने विचारा, किती वर्षे राहतोस. त्याच्या घराखालचे एक-दोन गुंठे आधी त्याच्या नावे करून द्यायला मालकाला सांगा, आणि मगच आपला पाया खणा. खर्च फार येत नाही. नंतरच्या आयुष्यात त्या ओटीवर बसल्यावर झोप मात्र चांगली लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)