बडग्या जळतो, तलवार उरते

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ची, पिवळीची १८८५ची सांगतात. मारबती ठरलेल्या; सोबतचे बडगे मात्र दरवर्षी नवे. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. जुन्यात नवं का घातलं, असं इथं कुणी विचारत नाही.

'रूनस्केप' या ऑनलाइन खेळात हाच प्रश्न वादाचा झाला. केंब्रिजचा हा खेळ २००१चा. नोव्हेंबर २०१२मध्ये त्यातली लढायची पद्धतच बदलली आणि अनेक जुने खेळाडू दुरावले. कंपनीनं मग ऑगस्ट २००७ची जपून ठेवलेली प्रत बाहेर काढली आणि फेब्रुवारी २०१३मध्ये 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू केला. परतलेल्यांना जुनंच हवं होतं. पण पाठ झालेला खेळ किती दिवस खेळणार? तोडगा निघाला मतदानाचा: खेळाडूंची ७५ टक्के मतं मिळाली, तरच नवी भर. अशाच वाटेनं २०१६मध्ये झीया हा अख्खा नवा खंड आला. २०२२मध्ये अट ७० टक्क्यांवर आली.

साधं बहुमत का पुरत नाही? बडगा फसला, तरी त्याच दिवशी जळतो. खेळात आलेली नवी तलवार जळत नाही. कुणी महिनोन् महिने राबून मिळवलेली जुनी तलवार ती एका रात्रीत कवडीमोल करते. म्हणून नवं यावंच, नाहीतर खेळाचं संग्रहालय होईल. पण जे जाळता येत नाही, ते आणण्याआधी विचारायला हवं.