आठवणीतला सामना आणि धावफलकातला सामना

मुलाखतीत माणसं जे सांगतात त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न खरं तर पीएचडीला नाव नोंदवण्याआधीच पडायला हवा. बहुतेकांना तो पडतो प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिताना. तोवर पंचवीस-तीस मुलाखती रेकॉर्ड झालेल्या असतात आणि गाईड विचारतात, ‘याला पुरावा काय?’

मी मूळचा विज्ञानाचा. आमच्याकडे प्रयोगवहीत जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असा साधा हिशोब असतो. इतिहासात तो चालत नाही. पण म्हणून कुणीही काहीही सांगावं आणि आपण ते अवतरणचिन्हात टाकून मोकळं व्हावं, असंही नाही. आठवण तपासायची कशी, हे शिकायचं तर असा विषय घ्यावा ज्यात आठवणी भरपूर आहेत आणि त्यांच्या शेजारी ठेवायला एक कोरडी, तारीखवार नोंदही आहे. माझ्या मते त्यासाठी क्रिकेटच्या चाहत्यांइतकं चांगलं क्षेत्र नाही. आणि अहिल्यानगर जिल्ह्यात तर ते आयतंच आहे. झहीर खान जन्मला श्रीरामपूरला, ७ ऑक्टोबर १९७८ रोजी. अजिंक्य रहाणे जन्मला संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला, जून १९८८ मध्ये. एक सतराव्या वर्षी मुंबईला गेला, दुसरा डोंबिवलीत वाढला. तरी ‘आपला झहीर’ आणि ‘आपला अजिंक्य’ हे शब्द जिल्ह्यात सहज वापरले जातात. हा ‘आपला’ लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

(श्रीरामपूरला रेल्वेने जाणार असाल तर एक सूचना: स्टेशनचं नाव बेलापूर आहे. नुसतं रेल्वेचं वेळापत्रक हाच तुमचा दस्तऐवज असेल तर श्रीरामपूर नावाचं गाव अस्तित्वातच नाही. लेखी साधनांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवलं.)

आधी जरा लांब जाऊ, अमेरिकेत. उल्रिक नाइसर हे मानसशास्त्रातलं मोठं नाव. स्मृतीवर काम करणारा हा माणूस स्वतःचीच एक आठवण वर्षानुवर्षं सांगत असे. ७ डिसेंबर १९४१ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा तो तेरा वर्षांचा होत होता. दिवाणखान्यात बसून रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होता, मध्येच प्रसारण थांबलं आणि बातमी आली, आणि तो आईला सांगायला वर धावला. आठवण अगदी स्वच्छ होती. पुष्कळ वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही! १९८२च्या पुस्तकात त्याने हे लिहून टाकलं. मग १९८६ मध्ये थॉम्पसन आणि काउअन या दोन संशोधकांनी शोधून दाखवलं की त्या दिवशी रेडिओवर एक सामना खरोखरच होता, पण तो अमेरिकन फुटबॉलचा. खेळणारे संघ होते न्यूयॉर्कचे जायंट्स आणि ब्रुकलिनचे डॉजर्स. त्या काळात न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघांचीही हीच नावं होती. सामना झाला ते पोलो ग्राउंड्सही बेसबॉलचंच मैदान.

आता सांगा, आठवण खोटी होती का? रेडिओ खरा, सामना खरा, संघांची नावं खरी, मध्येच आलेली बातमी खरी. बदलला तो फक्त खेळ. जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेल्या मुलाला ‘अमेरिका’ म्हटल्यावर फुटबॉलच्या आधी बेसबॉल सुचावा, यात मला तरी नवल वाटत नाही. बदल झाला, पण तो कुठल्या दिशेने झाला हे पाहिलं तर माणूस कळतो. आपल्याला हेच करायचं आहे.

चला श्रीरामपूरकडे. नाही, आधी नॉटिंगहॅमला. जुलै २००७. इंग्लंडविरुद्धची दुसरी कसोटी. झहीर फलंदाजीला आला तेव्हा खेळपट्टीवर कुणीतरी जेली बीन्स टाकलेल्या सापडल्या. गोळ्या हो, लहान मुलं खातात त्या रंगीत गोळ्या. झहीर भडकला, बॅट रोखून केविन पीटरसनशी बोलला. पुढे भारताने सामना सात गडी राखून जिंकला, झहीर सामनावीर ठरला आणि १९८६ नंतर पहिल्यांदा भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. चाहत्यांच्या तोंडी ही गोष्ट अशी येते: गोऱ्यांनी गोळ्या टाकल्या, आपला झहीर पेटला आणि त्याने नऊ विकेट काढल्या.

धावफलक शेजारी ठेवा. झहीरच्या विकेट नऊच आहेत, त्यात वाद नाही. पण पहिल्या डावात ५९ धावांत ४ आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ५. गोळ्यांचा प्रकार झाला तो भारताच्या पहिल्या डावात, म्हणजे इंग्लंडचा संघ १९८ धावांत बाद होऊन गेल्यानंतर. नऊपैकी चार विकेट गोळ्या पडायच्या आधीच्या आहेत. राग हे कारण धरलं तर ते जास्तीत जास्त पाच विकेटचं कारण होऊ शकतं. आधीच्या चारचं श्रेय ढगाळ हवा, डावखुरा कोन आणि स्विंग यांनाच द्यावं लागेल. कारण परिणामाच्या आधी घडलेलं असावं लागतं, हे विज्ञानाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. मौखिक इतिहासात मात्र ही सगळ्यात साधी तपासणीच राहून जाते. कुठलीही मुलाखत हातात आली की आधी एक कागद घ्या आणि त्यातल्या घटना नुसत्या क्रमाने मांडा. निम्म्या ‘म्हणून’ची जागा ‘आणि’ घेईल.

पण इथेच थांबलात तर तुम्ही नुसते चुका काढणारे व्हाल. ती गोष्ट तशी का सांगितली जाते? कारण २००७ सालच्या चाहत्याला नुसता जिंकणारा गोलंदाज नको होता, उलट उत्तर देणारा हवा होता. हीसुद्धा माहितीच आहे. फक्त ती झहीरच्या गोलंदाजीबद्दलची नाही, ऐकणाऱ्यांबद्दलची आहे.

आता २ एप्रिल २०११. वानखेडे. या दिवसाबद्दल कुणालाही विचारा, धोनीचा षटकार पहिला येईल. श्रीरामपूरकराला विचारलं तर मला खात्री आहे की त्याआधी झहीरची सुरुवात येईल. आणि ती होतीच तशी: पाच षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. उपुल थरंगा वीस चेंडूंत दोन धावा काढून स्लिपमध्ये सेहवागच्या हातात गेला. हे सगळं धावफलकाशी जुळतं. पण झहीरचं पूर्ण पृथक्करण आहे १०-३-६०-२. वजाबाकी करा: उरलेल्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या. श्रीलंकेने शेवटच्या पाच षटकांत ६३ धावा चोपल्या, आणि डावाचा शेवटचा चेंडू, झहीरनेच टाकलेला, तिसारा परेराने सीमेबाहेर षटकार मारून संपवला. २७४ ही त्यावेळी धडकी भरवणारी धावसंख्या होती. त्यात पुढे सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर गेला आणि सचिन १८ वर.

म्हणजे चाहता अर्धीच गोष्ट सांगतो. कारण भारत जिंकला हे तर आहेच. हरलो असतो तर तीच शेवटची षटकं आज तोंडपाठ असती. याचा पुरावाही आहे. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची अंतिम लढत. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, सात षटकांत ६७, बळी एकही नाही. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. भारत १२५ धावांनी हरला. त्या स्पर्धेत झहीरने १८ बळी घेतले होते, पण ते सांगणारा विरळा. त्या पहिल्या षटकाने ते सगळे गिळून टाकले.

आणि मला वाटतं २०११ची ती पाच षटकं इतकी घट्ट लक्षात राहिली ती याच्यामुळेच. ती आठवण एका सामन्याची नाही, दोन सामन्यांमधल्या आठ वर्षांची आहे. धावफलकात २००३ आणि २०११ ही दोन वेगळी पानं आहेत; माणसाच्या डोक्यात ते एकच पान. तुम्ही मुलाखत घेत असाल आणि समोरचे काका २०११बद्दल बोलता बोलता मध्येच ‘नाहीतर ते जोहान्सबर्गचं’ म्हणाले, तर त्यांना विषयावर आणू नका. तोच विषय आहे.

झहीरचे त्या स्पर्धेत २१ बळी, शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. २७ फेब्रुवारीला बंगळुरूत इंग्लंडशी ३३८-३३८ अशी बरोबरी झाली, तो सामना हातातून गेलेला असताना लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि १५८ धावा केलेला स्ट्रॉस यांना काढणारा तोच. माझ्या लेखी हा त्याचा त्या विश्वचषकातला सगळ्यात मोठा क्षण. पण बरोबरीला कुणी फटाके लावत नाही.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही त्याकडे तर खास लक्ष द्या. २०००-०१चा रणजी अंतिम सामना: बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवलं. कसोटीचं तिकीट नुकतंच मिळालेला झहीर बडोद्याकडून खेळत होता. सामन्यात आठ बळी, दुसऱ्या डावात ४३ धावांत ५, सामनावीर. अटीतटीचा विजय म्हणून यात काय कमी आहे? काहीच नाही. पण हा सामना घराघरांत टीव्हीवर दिसला नाही, आणि जिंकला तो बडोद्याने. ‘आपला’ हा शब्द खेळाडूच्या जन्मगावावरून सुरू होतो खरा, पण संघाच्या नावाशी येऊन अडखळतो. मुलाखतीत एखादी गोष्ट आलीच नाही, याचा अर्थ ती घडली नाही किंवा लहान होती, असा लावू नका. ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचायला रस्ता होता का, हे आधी बघा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर धावफलकालाच देवघरात बसवाल. १९ डिसेंबर २०२०, ॲडलेड, भारत ३६ धावांत खलास. विराट कोहली घरी परतला, कर्णधारपद अजिंक्यकडे आलं. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या, सामना आठ गडी राखून जिंकला. सिडनीला दुखापती झेलत सामना अनिर्णित राखला. आणि ॲडलेडनंतर बरोब्बर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ला, ब्रिस्बेनच्या गाबावर ३२८ धावांचं लक्ष्य तीन गडी राखून पार केलं. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर नोव्हेंबर १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. तेव्हा अजिंक्य पाच महिन्यांचा होता. (योगायोग आहे, कारण नाही. वर वाचलंच आहे तुम्ही.)

धावफलक काय म्हणतो? गिल ९१, पुजारा २११ चेंडूंत ५६, पंत नाबाद ८९, रहाणे २२ चेंडूंत २४. आकड्यांकडे पाहून वाटेल की पुजारा रेंगाळला आणि कर्णधाराने फारसं काही केलं नाही. पाहणाऱ्यांना आठवतं ते वेगळंच: पुजाराच्या हेल्मेटवर, बोटांवर, बरगड्यांवर आदळलेले चेंडू; आणि अजिंक्यने येऊन फटके मारायला सुरुवात केली तेव्हा ‘अरे, हे जिंकायला खेळतायत’ असं मनात आलेलं. अंगावर घेतलेल्या चेंडूंना धावफलकात रकाना नाही. मेलबर्नला जडेजाबरोबर धाव घेताना कर्णधार स्वतः धावबाद झाला आणि जाताना जडेजाची पाठ थोपटून गेला, त्यालाही नाही. तिथे ‘धावबाद ११२’ एवढंच आहे. इथे आठवणच जास्त भरवशाची, आणि ती नुसत्या आकड्यांवरून पुन्हा उभी करता येणार नाही.

मग मुलाखतीत करायचं काय? मी स्वतः दोन रकाने करतो. एकात माणसाने सांगितलेलं जसंच्या तसं, दुसऱ्यात नोंद. मुलाखत चालू असताना दुसरा रकाना उघडत नाही. समोरच्याला ‘नाही हो, तेव्हा साठ धावा गेल्या होत्या’ म्हटलं की पुढची पंधरा मिनिटं तो तुमच्या तोंडाकडे बघत बोलतो, आठवणीकडे नाही. आणि ‘सामना आठवतो का’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. कुठे पाहिला, टीव्ही कुणाचा होता, लाइट गेली होती का, दुपार होती की रात्र, हे विचारा. गाबाचा शेवटचा दिवस आपल्याकडे पहाटे सुरू होऊन दुपारी एकच्या सुमारास संपला. कुणी ‘रात्री जागून तो चौकार पाहिला’ म्हणालं तर ते हायलाइट्स असणार; तेही लिहून ठेवायचं, कारण जन्माची आठवण हायलाइट्सवर बनली, ही आपल्या काळाची खास गोष्ट आहे. आणि घाई करा ती रेडिओवाल्या पिढीसाठी. ज्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलं, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांनी सामने पाहिलेच नाहीत, तरी त्यांना ते ‘दिसतात’. नाइसर ऐकून खूश झाला असता.

एक शेवटची गंमत. वानखेडेवर त्या दिवशी नाणेफेक दोनदा झाली. धोनीने नाणं उडवलं, संगकाराने काय हाक दिली ते गर्दीच्या गोंगाटात सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकूच आलं नाही, म्हणून पुन्हा उडवावं लागलं. धावफलकात ओळ एकच: श्रीलंकेने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. तुमच्या पुढच्या मुलाखतीत त्या गोंगाटाबद्दल विचारून बघा.