साक्ष आणि साक्षीदार : शिनेड ओ'कॉनर यांचा मृत्यू व त्यांचा संमिश्र वारसा

प्रस्तावना

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर यांचे २६ जुलै २०२३ रोजी लंडन येथे वयाच्या ५६ व्या वर्षी निधन झाले. ८ ऑगस्ट रोजी आयर्लंडमधील ब्रे या समुद्रकाठच्या गावातून त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स व पंतप्रधान लिओ वराडकर हे अंत्यविधीस उपस्थित होते. ज्या स्त्रीची एके काळी जाहीर हेटाळणी झाली, तिलाच राष्ट्राने सन्मानाने निरोप दिला. मृत्यूनंतरच्या लेखनात एक सूर वारंवार उमटला : 'ती काळाच्या पुढे होती, तिचेच म्हणणे अखेर खरे ठरले.'

हा निष्कर्ष भावनेच्या दृष्टीने समाधान देणारा असला, तरी इतिहासाच्या अभ्यासकाने तो जसाच्या तसा स्वीकारणे योग्य ठरणार नाही. ओ'कॉनर यांचे नेमके कोणते म्हणणे खरे ठरले? ते कशाच्या आधारे खरे ठरले? आणि जे खरे ठरले नाही, त्याचे काय करायचे? या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने त्यांच्या वारशाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुटुंब, संस्था आणि राज्य

ओ'कॉनर यांचा जन्म ८ डिसेंबर १९६६ रोजी डब्लिन येथे झाला. आई-वडील विभक्त झाले तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोटाला कायद्याची मान्यता नव्हती. ती मिळण्यासाठी १९९५ चे सार्वमत व्हावे लागले आणि तेही निसटत्या बहुमताने संमत झाले. आईकडून आपला शारीरिक व मानसिक छळ झाला, असे ओ'कॉनर यांनी पुढे अनेकदा सांगितले. १९८५ मध्ये आईचा मोटार अपघातात मृत्यू झाला आणि हे नाते कधीही न मिटलेल्या प्रश्नासारखे त्यांच्या आयुष्यात राहून गेले.

चोरी व शाळेतील गैरहजेरी या कारणांवरून किशोरवयात त्यांना डब्लिनमधील हाय पार्क येथील 'अन ग्रियानान' या निवासी प्रशिक्षण केंद्रात ठेवण्यात आले. तेथे त्यांचे सुमारे दीड वर्ष गेले. त्या मॅग्डलीन धुलाईगृहात होत्या, असे अनेक श्रद्धांजलीपर लेखांत म्हटले आहे. परंतु येथे काटेकोर असणे आवश्यक आहे. हे केंद्र व मॅग्डलीन धुलाईगृह या दोन व्यवस्था एकाच नन-संघाच्या आवारात होत्या. शिक्षा म्हणून आपल्याला एका रात्री त्या आवारातील वृद्ध, मरणासन्न स्त्रियांमध्ये झोपायला पाठवले गेले, अशी आठवण ओ'कॉनर यांनी नोंदवली आहे. त्याच आवारातील एका ननने त्यांना गिटार घेऊन दिली, हेही त्यांनीच सांगितले आहे. दडपणूक आणि माया एकाच छपराखाली नांदत होती. त्यांचे पुढील आयुष्य समजून घेताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

१९९३ मध्ये हाय पार्कची काही जमीन विकली गेली. तेथील दफनभूमी उकरली असता १५५ स्त्रियांचे अवशेष बाहेर काढावे लागले. त्यांतील कित्येकींच्या मृत्यूची रीतसर नोंदही झालेली नव्हती. २०१३ च्या शासकीय अहवालानुसार १९२२ ते १९९६ या काळात सुमारे दहा हजार स्त्रिया या धुलाईगृहांतून गेल्या. त्यांतील बऱ्याच जणींना तेथे पाठवण्यात शासनयंत्रणेचा प्रत्यक्ष हात होता. म्हणजे प्रश्न केवळ धर्मसंस्थेचा नव्हता. कुटुंब, धर्मसंस्था व राज्य यांच्या परस्पर संमतीने ही व्यवस्था चालत होती.

१९९२ : एका वर्षाचा घटनाक्रम

१९८७ मधील पहिल्या गीतसंग्रहाने ओ'कॉनर यांचे नाव झाले. १९९० मध्ये प्रिन्स या संगीतकाराने लिहिलेल्या 'नथिंग कंपेअर्स टू यू' या गीताने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. १९९१ मध्ये जाहीर झालेला ग्रॅमी पुरस्कार त्यांनी नाकारला. संगीताचे मोल विक्रीवरून ठरवणाऱ्या व्यवस्थेला त्यांचा विरोध होता.

३ ऑक्टोबर १९९२ रोजी न्यूयॉर्क येथून थेट प्रक्षेपित होणाऱ्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात त्यांनी बॉब मार्ली यांचे 'वॉर' हे गीत वाद्यसाथीविना गायले. हे गीत इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या १९६३ मधील संयुक्त राष्ट्रसंघातील भाषणावर आधारलेले आहे. वंशभेदाचा उल्लेख असलेल्या भागात ओ'कॉनर यांनी बालकांच्या छळाचा उल्लेख घातला आणि शेवटी पोप दुसरे जॉन पॉल यांचे छायाचित्र कॅमेऱ्यासमोर फाडले. हे छायाचित्र त्यांच्या दिवंगत आईच्या खोलीतील भिंतीवरचे होते. १९७९ च्या पोपच्या आयर्लंड भेटीची ती आठवण होती. त्या भेटीत डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक माणसे जमली होती. त्यामुळे फाडलेल्या कागदात आई, धर्मपीठ आणि राष्ट्राचा अभिमान या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. वैयक्तिक दुःख व सार्वजनिक आरोप यांची येथे झालेली गुंफण कोणत्याही भाष्याने पूर्णपणे सोडवता येत नाही.

अवघ्या तेरा दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलन यांच्या गौरवाचा कार्यक्रम होता. ओ'कॉनर रंगमंचावर येताच प्रेक्षागारातून हुर्यो उठली. ठरलेले गीत बाजूला सारून त्यांनी पुन्हा 'वॉर' गायले आणि त्या बाहेर पडल्या. क्रिस क्रिस्टॉफरसन यांनी त्यांना जाहीरपणे धीर दिला; अशी उदाहरणे त्या वेळी थोडीच होती.

ही कृती एकाकी भविष्यवाणी म्हणून सांगितली जाते. त्या वर्षाचा आयरिश घटनाक्रम पाहता हे मत टिकत नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये बलात्कारातून गर्भवती झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीला गर्भपातासाठी इंग्लंडला जाण्यापासून न्यायालयाने रोखले आणि देश ढवळून निघाला. पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. मे महिन्यात, आपल्याला एक मुलगा असल्याचे उघड झाल्याने बिशप एमन केसी यांनी पद सोडले. १९७९ च्या पोपभेटीत तरुणांच्या मेळाव्यात अग्रभागी असलेले हेच ते बिशप होत. नोव्हेंबरमध्ये क्रिस्टीन बकली यांनी गोल्डनब्रिज या अनाथ मुलांच्या निवासी शाळेतील आपल्या छळाची हकिगत आयरिश आकाशवाणीवर सांगितली. त्याआधी १९८८ मध्येच पॅडी डॉयल यांनी अशाच संस्थेतील बालपणाचे आत्मकथन प्रसिद्ध केले होते. साक्षी उपलब्ध होत्या. त्या ऐकणारे कान मात्र कमी होते. ओ'कॉनर यांचे वेगळेपण त्यांनी सर्वांआधी सत्य जाणले यात नाही. ज्या व्यासपीठावर त्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य होते, तेथे स्वतःची लोकप्रियता पणाला लावून त्यांनी ते मांडले, यात ते आहे.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्या रात्री त्यांनी आपल्या कृतीचे कोणतेही स्पष्टीकरण दिले नाही. कॅथलिक धर्मगुरूंकडून बालकांचे होणारे शोषण हा विषय अमेरिकेतील सर्वसामान्य प्रेक्षकाला तोपर्यंत फारसा परिचित नव्हता. त्याला दिसला तो केवळ श्रद्धास्थानाचा अवमान. हुर्यो उडवणारे सर्वच जण शोषणाचे पाठीराखे होते, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे होईल.

चौकशी अहवालांची साक्ष

पुढील घटनांनी मूळ आरोपाला बळ दिले. १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ या बालशोषक धर्मगुरूच्या प्रत्यार्पणातील दिरंगाईवरून निर्माण झालेल्या वादात आयर्लंडचे सरकार कोसळले. १९९९ मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी संस्थांमधील बालछळाबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. २००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाच्या शोधामुळे अमेरिकेतील प्रकरणे उजेडात आली. ऑक्टोबर २००५ मध्ये फर्न्स अहवाल, मे २००९ मध्ये रायन अहवाल आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मर्फी अहवाल प्रसिद्ध झाला. मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक शोषण सर्रास होत होते, असा निष्कर्ष रायन आयोगाने काढला. डब्लिन महाधर्मप्रांतात मुलांच्या सुरक्षेपेक्षा गुप्तता व संस्थेची प्रतिष्ठा यांना अग्रक्रम दिला गेला, असे मर्फी आयोगाला आढळले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मार्च २०१० मध्ये आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. त्यावर ओ'कॉनर यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून धर्मपीठाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न पुन्हा उभा केला.

म्हणजे त्यांचे म्हणणे खरे ठरले ते त्यांच्या धैर्यामुळे किंवा कलावंत म्हणून असलेल्या मोठेपणामुळे नव्हे. शेकडो पीडितांनी आयोगांपुढे दिलेल्या साक्षी, कागदपत्रे आणि पत्रकारांचे चिकाटीचे काम यांनी ते सिद्ध केले. श्रेयाची ही वाटणी विसरली, तर एका नामवंत व्यक्तीच्या गौरवात असंख्य अनामिकांची साक्ष झाकली जाते.

जे टिकले नाही

ओ'कॉनर यांची सर्वच विधाने अशी टिकली नाहीत. उमेदीच्या काळात त्यांनी आयरिश रिपब्लिकन आर्मीला पाठिंबा दर्शवला आणि नंतर तो मागे घेतला. २०१६ मध्ये प्रिन्स यांच्या मृत्यूनंतर त्यांनी विनोदी कलाकार आर्सेनिओ हॉल यांच्यावर अमली पदार्थ पुरवल्याचा आरोप केला. हॉल यांनी ५० लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला. २०१७ मध्ये ओ'कॉनर यांनी आरोप मागे घेऊन माफी मागितल्यावर तो दावा संपला. २०१८ मध्ये इस्लामचा स्वीकार केल्यावर त्यांनी मुस्लिमेतरांविषयी घृणास्पद उद्गार काढले आणि पुढील वर्षी त्याबद्दलही क्षमा मागितली.

मानसिक आजाराविषयी त्या उघडपणे बोलत. त्यामुळे काहींना धीर मिळाला, तर काहींना त्यांच्या प्रत्येक विधानाकडे 'आजाराचे लक्षण' म्हणून पाहण्याची सोय झाली. ही सोय धोकादायक होती. लहानपणी छळ सोसलेली व्यक्ती शांत, सुसंगत व शिष्टसंमत भाषेतच बोलली पाहिजे, अशी अट घातली तर बहुतेक पीडितांची साक्ष आपोआपच बाद होते. याउलट, एका बाबतीत खरी ठरलेली व्यक्ती प्रत्येक बाबतीत खरी असते, हे मानणेही तितकेच चुकीचे आहे. हॉल प्रकरण त्याचे उदाहरण होय.

श्रद्धेचा शोध

ओ'कॉनर यांना धर्मविरोधक ठरवणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांच्या पहिल्या संग्रहाचे शीर्षक स्तोत्र ९१ वरून घेतलेले होते. १९९९ मध्ये रोमपासून फुटून निघालेल्या एका बिशपकडून त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. अधिकृत चर्चने तिला मान्यता दिली नाही. २०१८ मध्ये त्या मुस्लिम झाल्या व त्यांनी शुहदा सदाकत हे नाव धारण केले. व्यावसायिक नाव मात्र तेच ठेवले. त्यांच्या अंत्यविधीत डब्लिनचे इमाम उमर अल-कादरी यांनी प्रार्थना व भाषण केले. या प्रवासाला कोणी चंचलपणा म्हणेल. पण संस्थेने जे पावित्र्य डागाळले असे त्यांना वाटले, त्याचा शोध त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही, हे नाकारता येत नाही.

समारोप

जानेवारी २०२२ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा आघात ओ'कॉनर यांनी सोसला. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या १९९० च्या गीतसंग्रहाचा आयर्लंडमध्ये अभिजात संग्रह म्हणून गौरव झाला, तेव्हा तो सन्मान त्यांनी देशातील निर्वासितांना अर्पण केला. स्वागतसमारंभातही त्यांची नजर उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांकडेच होती. चार महिन्यांनी त्यांचे निधन झाले. ते नैसर्गिक कारणांनी झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. मृत्यूच्या नोंदीत श्वसनमार्गाच्या जुनाट विकाराचा उल्लेख आहे.

या वारशाला 'संमिश्र' म्हणणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे नव्हे. 'ती बरोबर होती' हे वाक्य मृत्यूनंतर उच्चारणे सोपे असते, कारण त्यात 'आपण त्या वेळी कोठे होतो?' या प्रश्नाला बगल देता येते. साक्षीदाराला संत बनवले की त्याच्या चुका लपवाव्या लागतात, आणि चुका उघड झाल्या की त्याची साक्षही नाकारली जाते. ओ'कॉनर यांच्या जीवनातून इतिहासाभ्यासाला मिळणारा धडा या दोहोंहून वेगळा आहे : साक्ष तपासावी ती पुराव्याने, साक्षीदाराच्या आवाजाची पट्टी, त्याचा वेश किंवा त्याचे इतर अपराध पाहून नव्हे. १९९२ मध्ये ही तपासणी झाली असती, तर एका गायिकेची हेटाळणी टळली असती एवढेच नव्हे. ज्या मुलांसाठी तो कागद फाडला गेला, त्यांतील काहींना चौकशी आयोगाची वाट पाहत वृद्ध व्हावे लागले नसते.